आजारपणातला सोबती : 'रुग्णाशी नाते' या रकान्याबाहेरचा माणूस

रुग्णालयात दाखल होताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना हमखास असतो. वडील, पती, मुलगा, भाऊ अशी उत्तरे तेथे अपेक्षित असतात. कोणी 'मित्र' असे लिहिले, की खिडकीमागचा कर्मचारी मान वर करून विचारतो, 'घरचे कोणी नाही का?' वास्तविक आज तालुक्याच्या गावांतून अमरावती, अकोला किंवा नागपूर गाठणाऱ्या अनेक रुग्णांच्या सोबत घरचे कोणी नसते. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे असतात, पत्नीला घर आणि गोठा सोडून येता येत नाही, भावाशी बांधावरून अबोला असतो. अशा वेळी फाईल काखेत मारून बसमध्ये चढतो तो शाळेपासूनचा मित्र, शेजारी किंवा भजनी मंडळातला जोडीदार. रात्री खाटेशेजारी जमिनीवर चादर अंथरतो तोही तोच.

या माणसाला आपल्या आरोग्यव्यवस्थेत स्थान कोणते? त्याने काय करावे, काय करू नये आणि कायदा त्याला कोठवर साथ देतो? अंजनगाव सुर्जीसारखे एक गाव डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नांचा घेतलेला हा आढावा.

औषध पिकवणारे गाव

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहामुळे ठाऊक असते. आयुर्वेदाच्या जाणकारांना ते पानपिंपळीमुळे ठाऊक असते. सुंठ आणि मिरे यांच्या जोडीने त्रिकटु चूर्णात पडणारी पिंपळी येथील पानमळ्यांत पिकते. पण औषध पिकवणाऱ्या या गावाला गंभीर आजारावरील उपचारासाठी मात्र बाहेरची वाट धरावी लागते.

सरकारी आरोग्यसेवेची रचना शिडीसारखी आहे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय. अंजनगावात ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे जे होत नाही त्यासाठी अचलपूर किंवा दर्यापूर, तेथून अमरावतीचे 'इर्विन', स्त्रियांसाठी 'डफरीन', मोठ्या शस्त्रक्रियांसाठी अमरावतीचेच सुपर स्पेशालिटी, नाही तर आकोटमार्गे अकोल्याचे 'सर्वोपचार' आणि त्यापुढे नागपूरचे 'मेडिकल'. अमरावतीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

कागदावर ही शिडी सुबक दिसते. रुग्णाच्या वाट्याला मात्र प्रत्येक पायरीवर नवी रांग, नवा केसपेपर आणि नवा डॉक्टर येतो. एका ठिकाणी काढलेली तपासणी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सांगितली जाते. यंत्र बंद असते, तंत्रज्ञ रजेवर असतो, बाह्यरुग्ण विभागाची वेळ बस पोहोचेपर्यंत संपत आलेली असते. अंगात ताप असलेल्या माणसाने एकट्याने हे सारे निभावावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर रुग्ण उपचार अर्धवट सोडतो, तेव्हा त्याला निष्काळजी म्हटले जाते. त्याच्याबरोबर येणारे कोणी नव्हते, ही गोष्ट कोणत्याही कागदावर नोंदली जात नाही.

गाडगेबाबांनी ओळखलेली गरज

ही गरज फार पूर्वी ओळखणारा महापुरुष याच तालुक्यातला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. संत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे आणि कीर्तनातून अंधश्रद्धेवर प्रहार करणारे गाडगेबाबा सर्वांना परिचित आहेत. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळांपैकी काही यात्रेकरूंसाठी होत्या, तर काही रुग्णांसोबत आलेल्या माणसांसाठी, याकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात उभी राहिलेली धर्मशाळा त्यांच्याच प्रयत्नांचे फळ. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे सोबती उतरतात.

रुग्णाला खाट रुग्णालय देते. पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने रात्र कोठे काढायची, अंघोळ कोठे करायची, दोन घास कोठे खायचे? सोबती टिकला तरच उपचार टिकतो, हे बाबांनी जाणले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर रुग्णालये मोठी झाली, यंत्रे महागडी झाली. तरी अनेक सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात सोबत्यांचे अंथरूण आजही जमिनीवरच असते.

अमरावतीचेच शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास उभे केलेले तपोवन हेही याच जाणिवेचे दुसरे रूप म्हणता येईल. कुष्ठरोग झाल्यावर ज्यांचे 'रुग्णाशी नाते' सांगणारे कोणी उरले नव्हते, त्यांना तेथे एकमेकांचा आधार मिळाला.

सोबत्याचे काम कोणते?

मित्राने 'बरोबर जाणे' याचा अर्थ केवळ शेजारी बसणे असा नाही. हे काम चार भागांत पाहता येईल.

पहिला भाग कागदांचा. आजवरची सर्व कागदपत्रे तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावीत. सर्वांत वर एका पानावर रुग्णाचे वय, जुने आजार, चालू गोळ्यांची नावे, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते आणि पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया लिहाव्यात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांच्या झेरॉक्स प्रती सोबत असाव्यात. डॉक्टरांकडे प्रत्येक रुग्णासाठी मोजकी मिनिटे असतात; ती जुने कागद चाळण्यात जाऊ नयेत.

दुसरा भाग ऐकण्याचा. आजाराचे नाव कानावर पडताच रुग्णाचे पुढच्या बोलण्याकडे लक्ष राहत नाही. सोबत्याने ते शांतपणे ऐकावे, लिहून घ्यावे आणि निघण्यापूर्वी आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावे : 'म्हणजे ही गोळी जेवणाआधी, ती पंधरा दिवसच आणि सूज आली तर लगेच यायचे, बरोबर?' या एका वाक्याने पुढचे कित्येक घोटाळे टळतात.

तिसरा भाग रांगेचा. केसपेपर, रक्ततपासणी, क्ष-किरण, औषधाची खिडकी या ठिकाणी मित्राने उभे राहावे आणि रुग्णाने बसावे. रक्ताची गरज पडल्यास मित्रमंडळी फार उपयोगी पडतात. रक्तदात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते. पैसे देऊन आणलेल्या दात्याचे रक्त घेण्यास १९९८ पासून बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा भाग सुटी मिळाल्यानंतरचा. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि पुढची तारीख घेतल्याविना रुग्णालय सोडू नये. ती तारीख मित्राच्या कॅलेंडरवरही असावी. महिला कक्षात रात्री पुरुष सोबत्याला थांबता येत नाही. त्यामुळे मैत्रिणींनी, शेजारणींनी आपसांत पाळी लावून घेणे इष्ट.

सरकारी दप्तरातला 'मित्र'

गंमत अशी, की जी व्यवस्था अर्जावर 'मित्र' हा शब्द पाहून बुचकळ्यात पडते, तिनेच आपल्या योजनांत हा शब्द मोठ्या विश्वासाने वापरला आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यांत अमरावती होता. याच योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. रुग्ण योजनेत बसतो का, कोणते कागद लागतील, मंजुरी कोठे अडली आहे, हे सांगणे त्याचे काम. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानुसार प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी ठरवण्यात आले. आरोग्यमित्र जागेवर नसल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारणा करता येते.

क्षयरोगाच्या बाबतीत २०२२ पासून 'निक्षय मित्र' आले. रुग्णाला पोषण आहारासाठी मदत करण्याची जबाबदारी कोणीही व्यक्ती किंवा संस्था स्वीकारू शकते. शिवाय सरकारी मदत वेगळी; ती २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. सहा महिने रोज गोळ्या घेताना मध्येच बरे वाटू लागते आणि औषध सुटते. त्या वेळी 'आजची घेतली का?' असे विचारणारा मित्र औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

याखेरीज १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मात्र या सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि वेदनेने कळवळणारा माणूस मागणी करण्याच्या स्थितीत नसतो. तेथे सोबत्याचा आवाज लागतो.

सही कोणाची?

'नातेवाइकाची सही आणा, मग ऑपरेशन,' हे वाक्य ऐकून मित्र हतबल होतात. या बाबतीत कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल मूलभूत आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. रुग्ण प्रौढ आणि निर्णयक्षम असताना, जिवाला तातडीचा धोका नसताना, तिच्यावतीने दुसऱ्या कोणाची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

याचा अर्थ दुहेरी आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची सही हीच खरी संमती. नातेवाईक पोहोचले नाहीत एवढ्यावरून त्याचा उपचार अडू नये. आणि त्याच न्यायाने, मित्र कितीही जिवलग असला तरी निर्णय त्याचा नव्हे. त्याने समजावून घ्यावे, समजावून सांगावे. 'हो' किंवा 'नाही' रुग्णाने म्हणायचे.

मानसिक आजारांच्या बाबतीत तर कायद्याने मित्रासाठी दार उघडे ठेवले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमू शकते. हा प्रतिनिधी नातेवाईकच असावा, अशी अट नाही. तो सज्ञान व सक्षम असावा आणि त्याने लेखी होकार द्यावा, एवढे पुरे. ज्यांचे घरच्यांशी पटत नाही किंवा ज्यांना घरच राहिलेले नाही, त्यांना ही तरतूद मोठा आधार आहे.

दारातून परत पाठवले तर

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर इजा झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही असे सांगून त्याला परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. हा अनुभव आपल्याकडील कोणालाही अपरिचित वाटणार नाही. पुढे घडले ते मात्र वेगळे. तो ज्या शेतमजूर संघटनेचा सदस्य होता, ती त्याच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राज्य सरकारने त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यावी. सोबत्यांनी साथ दिली नसती, तर ही हकिकत त्या गावापुरतीच राहिली असती.

अपघातग्रस्ताला आधी उपचार, मग कायदेशीर सोपस्कार, हे तत्त्व १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने घालून दिले. त्याला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला पोलीस चौकशीचा त्रास होऊ नये, यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४अ आले. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

कागद मिळत नसतील तर? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे द्यावी लागतात. रुग्णाने दोन ओळींचे पत्र लिहून दिले, तर मित्रही ती मागू शकतो. खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे राज्यात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तक्रार प्रथम वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. सेवेतील त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र आरडाओरडा आणि धक्काबुक्की हा मार्ग नव्हे. त्याने तक्रार दुबळी होते आणि खाटेवरचा रुग्ण ओलीस राहतो.

एकट्याची तक्रार आणि अनेकांची तक्रार यांतला फरक अमरावती जिल्ह्याने अनुभवला आहे. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख हा उपक्रम राज्यात २००७ पासून ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत अमरावती होता. मेळघाटातील गावकऱ्यांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बसून आपले अनुभव मांडले.

मूत्रपिंड आणि स्नेहाची परीक्षा

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. या भागातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. जाणे-येणे धरले तर पूर्ण दिवस मोडतो. घरातील एकुलता कमावता माणूस हे किती दिवस सांभाळणार? चार-पाच मित्रांनी वार वाटून घेतले, तर मात्र ते निभते. डायलिसिससाठी रेल्वेने जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे. कर्करुग्ण आणि त्याच्या सोबत्यालाही ती मिळते. अकोला, मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून मुंबईची गाडी पकडणाऱ्यांनी त्यासाठीचे विहित प्रमाणपत्र रुग्णालयाकडून आधीच घ्यावे.

प्रत्यारोपणाची वेळ येते, तेव्हा मैत्रीची खरी कसोटी लागते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे हे जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. मित्र या यादीत नाही. तरी याच कायद्याच्या कलम ९ मध्ये 'स्नेह किंवा जिव्हाळा' हे दानाचे वैध कारण मानले आहे. अट एकच : प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी. समिती दोघांची उत्पन्ने तपासते, मध्यस्थ तर नाही ना हे पाहते, देणाऱ्याच्या घरच्यांना याची कल्पना आहे का ते विचारते आणि दोघांच्या संबंधाचा पुरावा मागते. दोघांची एकत्र असलेली जुनी छायाचित्रेही त्यांत चालतात. ही तपासणी अपमानास्पद वाटू शकते. पण गरिबाचे मूत्रपिंड मैत्रीच्या नावाखाली विकत घेतले जाऊ नये, यासाठी ती आवश्यक आहे.

मैत्रीच्या मर्यादा

सोबत्याने काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. रुग्णाचा आजार ही त्याची खासगी बाब आहे. ती पारावर चर्चेला नेऊ नये. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. 'माझ्या मावशीला अमुक काढ्याने बरे वाटले' असे सांगून चालू औषध बंद पाडू नये. ठरावीक रुग्णालयातच नेण्याचा आग्रह धरून पैसे मागणारा 'रुग्णमित्र' म्हणवत असला, तरी तो दलाल समजावा.

आणि सोबत्याने स्वतःलाही जपावे. सलग जागरणे, बुडालेली मजुरी, व्हरांड्यातला डास आणि थंडी यांनी तोही खचतो. म्हणून एकाने सर्व भार उचलण्यापेक्षा पाळ्या लावाव्यात. एकाने पैशांचा हिशेब, दुसऱ्याने कागद, तिसऱ्याने रुग्णाच्या घराकडे लक्ष, अशी वाटणी करावी. मन फारच उदास झाल्यास १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर रुग्णाप्रमाणेच सोबत्यालाही बोलता येते.

डॉक्टरांची कमतरता मित्र भरून काढू शकत नाहीत आणि बंद यंत्र त्यांच्या सदिच्छेने सुरू होत नाही. ती जबाबदारी शासनाची आहे आणि ती शासनाकडे मागत राहिलेच पाहिजे. परंतु दरम्यानच्या काळात उपचार पूर्ण होणे आणि अर्धवट सुटणे यांत अनेकदा एका माणसाचे अंतर असते. रुग्णालयांनी आपल्या अर्जावरील रकान्यात 'नाते' या शब्दापुढे 'किंवा सोबती' एवढे दोन शब्द वाढवले, तर शासनाचा एक रुपयाही खर्च होणार नाही. तोवर त्या रकान्यात 'मित्र' असे लिहिताना कोणी संकोच बाळगू नये.